पाकिटातली चाल

गुमरी, १२ नोव्हेंबर
घोडा मागे का नेलास? सेरोबसरांनी आज सगळ्यांसमोर विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

शाळेत बुद्धिबळ शिकवायची एकच जागा आहे, उमेदवार दोघी – तागुही आणि मी. निवड सरांच्या हाती. आठवड्यापूर्वी सरांनी दोघींना एकच अर्धवट डाव दिला. घरी विचार करा, कॉम्प्युटर उघडायचा नाही, चाल लिहून पाकिटात बंद करून आणा. पूर्वी लांबलेला डाव दुसऱ्या दिवसावर गेला की अशीच चाल बंद करून ठेवायचे.

आज पाकिटं फोडली. माझी चाल बरोबर, तागुहीची चूक. तरी सर हसले ते तिच्याकडे बघून.

"हत्ती का देऊन टाकलास गं?"

"त्यांचा राजा एकटा पडला होता, सर. हात शिवशिवले."

माझ्याशी ते असं कधीच बोलत नाहीत.

१३ नोव्हेंबर
चुकते, तरी तीच आवडते. जेवण गेलं नाही.

१५ नोव्हेंबर
दुसरीच्या वर्गावर दोघींनी एकेक तास घेतला. मी तोच डाव मांडला. एका मुलीनं विचारलं, "घोडा घाबरला का?" मी म्हटलं, "नाही. हीच सर्वांत चांगली चाल आहे." पोरं खिडकीबाहेर बघू लागली.

तागुहीनं स्वतःची चूकच मांडली. "मला इथं काय दिसलं नाही, शोधा बघू." पोरं बाकांवर चढली. मी मागे उभी राहून जळत होते.

खरं फक्त इथं लिहिते. तीन दिवस पट मांडून बसले, तेव्हा मलाही हत्तीच द्यावासा वाटला होता. तागुहीचीच चाल! मग भीती वाटली. भावाच्या लॅपटॉपवर डाव घातला. क्षणात उत्तर – घोडा मागे. माणसाला माघार घ्यायची लाज वाटते. कॉम्प्युटरला लाज नाही, हौस नाही, हरण्याची धास्ती नाही. नुसतं मोजतो. बावीस चालींनंतर म्हणे एक प्यादं मोकळं होतं. मला ते पटावर दिसतच नाही.

सरांनी विचारलं होतं, "कॉम्प्युटर उघडला नाहीस ना?" मी नाही म्हटलं.

१८ नोव्हेंबर
नेमणुकीचं पत्र मिळालं. "पाकीट बरोबर, म्हणून जागा तुझी," सर म्हणाले. हसले नाहीत.

बाबांनी आज चपला शिवायचं सोडून दुकानात येईल त्याला कॉफी पाजली. "घरातली पहिली पदवी हिची. आता शाळेत बाई झाली."

तागुही मिठी मारून म्हणाली, "शुशान, ती घोड्याची चाल मला शिकव हं. अजून कळली नाही बघ."

१९ नोव्हेंबर
सकाळी पत्र सरांच्या टेबलावर परत ठेवलं. "का?" त्यांनी विचारलं.

या वेळी उत्तर होतं. दिलं.