शुभदाच्या वाटची खडीसाखर

३ डिसेंबर १९५०, नौपाडा
शुभदाचं काहीच करायचं नाही म्हणे — सहा वर्षांच्या मुलीचं श्राद्ध नसतं. "तिच्या वयाच्या कुणा मुलीच्या तोंडी रोज तिच्या आवडीचं घाल. पोचेल तिला," सासूबाई म्हणाल्या. बरं. दाढ किडली, गाल सुजला, ताप मेंदूत गेला आणि माझी पोर गेली. "दुधाचा दात, पडेलच," सगळे म्हणत होते. मीही.
भांड्यांना सखूबाई येते माजिवड्याहून, मिठागराच्या वस्तीतून. तिची जया सहाचीच. तिलाच द्यावी शुभदाची आवडती खडीसाखर.

४ डिसेंबर
दिली. जयाने आधी हात धुतले! "शुभदाला ना?" म्हणाली.

११ डिसेंबर
रडू येत नाही. भात लावला, उतरवला.

२० जानेवारी १९५१
जया हसली. एकही दात किडलेला नाही. शुभदाचे पुढचे चारही काळे होते — घासायला तर दोघींना राखुंडीच. मग असं का? "कष्टकऱ्यांची हाडंच घट्ट," सासूबाई. सखूबाईला विचारलं, घरी काय खाता गं? "भात नि सुकट. गोड कवा, तं शिमग्याला." खरंच की. त्यांच्या रेशनकार्डावरची साखर आम्हीच घेतो, जुन्या लुगड्यांच्या बदल्यात. पुढे विचार केला नाही. डोकं चालतच नाही हल्ली.

८ जून
खडीसाखर देणं तेवढं नेमाने होतं. बाकी काही नाही. जया खडा चावत नाही, गालात धरून ठेवते. पटकन संपला तर पोचायचा नाही, असं तिचं तिनेच ठरवलंय. एक झाला की दुसरा मागते. मी देते. तेवढा वेळ बरं वाटतं.

२९ ऑक्टोबर
सखूबाई एकटीच आली. जयाचा गाल सुजलाय, अंगात ताप. "दुधाचा दात, पडेलच," सासूबाई बोलल्या. तेच शब्द, तोच सूर!
कुणाला न विचारता टांगा बोलावला. सखूबाईला घेऊन माजिवड्याला गेले, पोरीला उचललं आणि तडक दातांच्या डॉक्टरांकडे. दाढ काढली. खूप पू निघाला. "वेळेवर आणलीत," म्हणाले. मग तिच्या तोंडात बॅटरी मारून बघत राहिले. "मिठागरावरच्या पोरांचे दात सहसा बरे असतात. कीड दिसते ती तुमच्याकडच्या मुलांना. पण तुमच्याकडे साखर आहे, तसा इथवर यायला टांगाही आहे. त्यांच्याकडे दोन्ही नाही. हिला नुसती साखर मिळाली. कोण देतं?"
सखूबाई खाली बघत होती. इतके महिने तिने कधी नको म्हटलं नव्हतं, भरवशाने लेक माझ्यासमोर बसवली होती.
"मी," म्हटलं.

३१ ऑक्टोबर
जयाचा ताप उतरला. जपून हसते. किती दिवस दुखत होतं गं? "दसऱ्याच्या आधीपासून." मग बोलली का नाहीस?
"मी नाय खाल्ली तं शुभदाला कशी पोचंल?"
शुभदाला भाकरी कधी आवडली नाही. तरी जयाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. "ही पन पोचते?" "पोचते गं."
मग रडले. वर्षात पहिल्यांदा.