शाल परत न मागण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
भीमातीर विद्यापीठ, सोलापूर.

विषय : आफ्रिका अभ्यास केंद्राची खोली उघडून मिळणे व कु. आनेथ मुशी हिला दिलेली शाल परत न मागणे.
संदर्भ : शाल जमा करण्याबाबत भांडार विभागाचे पत्र.

महोदय,

१. सविनय सादर करते की, आमच्या केंद्रात वैराग, श्रीपूरकडची मुले आफ्रिकेचा इतिहास व स्वाहिली शिकतात. फार्मसीला असलेली आफ्रिकन मुलेही संध्याकाळी तिथेच येतात. घरमालकांना त्यांच्याकडे चार माणसे जमलेली चालत नाहीत.

२. टांझानियाच्या आनेथची आई गेल्या महिन्यात वारली. परीक्षा व व्हिसा यांमुळे तिला जाता आले नाही. त्यांच्याकडे अशा वेळी माणसे चटया टाकून सोबत बसून राहतात. तशी सगळी मुले केंद्रात बसली. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या सिद्धम्मा रोज पिठलं-भाकरी आणत. कशाला त्रास, असे मी म्हटले. "दुखवट्याच्या घरात चूल पेटत न्हाई बाई. हितं तिचं घर म्हंजे हेच की," असे त्या म्हणाल्या. दुखवट्याच्या शेवटच्या दिवशी आपली माणसे आपल्या अंगावर नवे कापड घालतात, मग रडणे थांबवायचे, हेही त्यांनीच आनेथला सांगितले. श्रीपूरच्या ऋतुजाने ते स्वाहिलीत समजावले.

३. तो दिवस येण्याआधीच 'विनापरवाना धार्मिक कार्यक्रम' या कारणाने केंद्राला कुलूप लागले. पूर्वपरवानगीसाठी माणूस जाण्याच्या किती दिवस आधी अर्ज करावा, असे मी लेखी विचारले आहे. उत्तर नाही. मला त्याचा रागही आला नाही. हल्ली येत नाही.

४. नंतर मूल्यांकन समिती आली. परदेशी विद्यार्थिनी म्हणून आनेथला नेहमीप्रमाणे फेटा बांधून व्यासपीठावर नेले. आपण स्वतः तिच्या खांद्यावर शाल घातलीत. ती आपल्या पाया पडली, सभागृहाला हात जोडले आणि पुष्कळ रडली. संकेतस्थळावर त्या छायाचित्राखाली 'आनंदाश्रू' असे छापले आहे. ते तसे नव्हते. केंद्र बंद असल्याने विद्यापीठाने तिचा दुखवटा सभागृहात काढला, असे तिला वाटले. तिला खरे सांगू का, असे ऋतुजाने मला विचारले. मी नको म्हटले. त्या दिवसापासून आनेथ जेवते, वर्गात येते.

५. आता भांडार विभाग कळवतो की, शाल साठ्यातील असून पुढच्या सत्काराला लागेल. फेटा परत केला आहे. शाल ती रोज पांघरून झोपते. तिला काय सांगून ती काढून घ्यावी, हेही विभागाने कळवावे.

६. तरी केंद्र उघडून द्यावे. चटया आत अजून पसरलेल्याच आहेत. पुढे कोणाचे कोणी गेले, तर मुलांना बसायला जागा असावी. साठा जुळवायचाच असेल, तर गेल्या वर्षी माझ्या सत्कारात मिळालेली शाल जमा करून घ्यावी. ती घातली तेव्हा मला काही वाटले नव्हते.

आपली नम्र व उत्तराची वाट पाहणारी,
(डॉ. भार्गवी आराध्ये)
समन्वयक, आफ्रिका अभ्यास केंद्र
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

सोबत : शाल, एक. घडी न मोडलेली.