एकाच बिघाडाच्या नऊ तक्रारींबाबत

प्रति,
मा. सेवा निरीक्षण अधिकारी,
ज्येष्ठ नागरिक घरपोच संगणक साहाय्य योजना,
रायपूर (छत्तीसगड)

विषय : क्षेत्र-अभियंता श्रीमती चित्रा बोरकुटे यांना कामावरून कमी करू नये, कारण दोष अर्जदाराचा आहे.

संदर्भ : आपले दि. ४ नोव्हेंबरचे पत्र. (एकच तक्रार नऊ वेळा, अभियंता अकुशल असल्याबद्दल आपला अभिप्राय कळवावा.)

महोदय,

१. मी, पद्मिनी हरदास, वय ७१, तात्यापारा येथे एकटी राहते. सरकारी नोकरीत आकडेवारी सहायक म्हणून तीस वर्षे काढली आहेत. अर्ज हिंदीत द्यायचा असतो हे मला समजते. हिंदी प्रत सोबत जोडली आहे आणि तिच्यात कबुली पूर्ण आहे. परंतु आपल्या पत्राखाली 'गंधे' हे आडनाव वाचले, म्हणून कारणे मराठीत लिहिण्याचे धाडस करते. आपणांस मराठी वाचता येत नसल्यास हिंदी प्रतीवर भागेल.

२. प्रकरण असे. संगणकात शेल नावाचा एक भाग असतो. काळ्या खिडकीत आपण आज्ञा टाइप केली की तो ती वाचतो आणि आत पोचवतो. कार्यालयात आवक लिपिक करतो तेच काम. माझ्याकडे बॅश नावाचा शेल होता. फेब्रुवारीत डिस्क बिघडल्याने नवी प्रणाली टाकून घेतली आणि बॅशच्या जागी झेडशेल येऊन बसला. मी बारा वर्षांपासून गच्चीवरचा पाऊस मोजून लिहून ठेवते. त्यासाठी करून ठेवलेल्या माझ्या सगळ्या सोयी बॅशच्या नावावर होत्या. नव्याकडे त्यांची दाद लागत नव्हती. म्हणून दि. १९ फेब्रुवारी रोजी तक्रार नोंदवली. ही तक्रार खरी होती.

३. श्रीमती बोरकुटे अभनपूरहून बसने आल्या. माझ्यासमोर एका ओळीची आज्ञा टाइप करून त्यांनी बॅश पुन्हा कायमचा केला. त्याला चार मिनिटे लागली. नंतर मी चहा ठेवला आणि त्या पाऊण तास बसल्या. त्या मराठी बोलत होत्या, आपल्या इकडची, वऱ्हाडी वळणाची. त्या गेल्यावर कपबशी विसळताना माझ्या लक्षात आले, की यापूर्वी मराठीत कोणाशी बोलले ते मला आठवत नाही. शेजारी सज्जन आहेत पण हिंदी आहेत. मुलगा चिराग बंगळुरूला असतो. दर रविवारी न चुकता फोन करतो. मी मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो. त्याला दोष देत नाही, मीच त्याला तशा शाळेत घातले.

४. अकराव्या दिवशी मी तीच एका ओळीची आज्ञा उलट टाइप केली आणि झेडशेल परत आणला. मग तक्रार नोंदवली.

५. पुढच्या सातही तक्रारी अशाच आहेत. काही लपवायचे नाही म्हणून हेही नमूद करते, की चौथ्या वेळेपासून तक्रार नोंदवण्याच्या आधी मी गोल बाजारातून ताजे पोहे आणून ठेवत असे. पाचव्या वेळी काम लवकर आटोपू नये म्हणून मी तिसराच एक शेल शोधून बसवला आणि बॅश काढूनच टाकला. त्या भेटीला एक तास दहा मिनिटे लागली. आपल्या पत्रात हीच भेट अकुशलतेचा पुरावा म्हणून दाखवली आहे. प्रत्यक्षात काम अर्ध्या तासात झाले होते. उरलेला वेळ त्या मला त्यांच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूबद्दल सांगत होत्या आणि मी ऐकत होते. असे सुख मला फार दिवसांनी मिळाले होते.

६. श्रीमती बोरकुटे यांना सर्व माहीत होते. शेल बदलताना संगणक मालकाचा पासवर्ड मागतो आणि माझा पासवर्ड माझ्याशिवाय कोणाजवळ नाही. सातव्या भेटीत त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "काकू, हे आपोआप नाही बदलत. काहून त्रास करून घेऊन राहिल्या? मले फोन करत जा, मी अशीच येईन." मी म्हणाले, मला संगणकातले काही कळत नाही. त्यांनी पुढे विचारले नाही. भेटीच्या अहवालात 'दोष आढळला, दुरुस्त केला' एवढेच लिहिले आणि माझी सही घेतली. त्यांनी खरे लिहिले असते तर त्या आज सुटल्या असत्या. माझी अब्रू राखायला गेल्या आणि स्वतः अडकल्या.

७. त्यांनी दिलेला फोन नंबर माझ्याजवळ आहे. मी तो लावला नाही. त्याचे कारण आपण विचाराल. तीस वर्षे मी प्रत्येक कागदावर कारण लिहिले, महोदय. कारण नसताना एखाद्या माणसाला 'ये' म्हणावे, हे मला जमले नाही. फोन केला असता तर मला करमत नाही हे कबूल करावे लागले असते. त्यापेक्षा शेल बदलणे सोपे वाटले. म्हणून आणखी दोन तक्रारी टाकल्या आणि त्या दोन्हींमुळे आकडा नऊवर जाऊन आपल्या अकुशलतेच्या नियमात बसला. करून गेले मी आणि भोगतात त्या, हे आपले पत्र आल्यावर मला कळले.

८. कोणत्या दिवशी कोणती आज्ञा दिली हे संगणक स्वतः लिहून ठेवतो. त्या नोंदीची छापील प्रत जोडली आहे. आठही वेळा आज्ञा माझ्या खात्यातून गेलेली आहे, आणि त्या वेळी घरात मी एकटीच होते. साक्षीदार नाही.

९. तरी विनंती, की श्रीमती बोरकुटे यांच्यावरील अकुशलतेचा शेरा रद्द करावा आणि त्यांना कामावर ठेवावे. इतके सोसूनही न चिडणारी व्यक्ती आपल्याला दुसरी मिळणार नाही. माझे नाव घरभेटीच्या यादीतून कमी करावे. यापुढे माझ्या घरी कोणालाही पाठवू नये, ही माझी लेखी विनंती समजावी. बॅश आज सकाळी मी स्वतः जागेवर बसवला आहे आणि संगणक उत्तम चालू आहे.

१०. आपल्या आदेशाची प्रत टपालाने पाठवावी. कोणा कर्मचाऱ्याच्या हाती पाठवू नये. मी त्यांना बसवून घेईन.

आपली नम्र आणि दोषी,

(सही)
पद्मिनी हरदास
तात्यापारा, रायपूर
दि. ११ नोव्हेंबर २०२४