मागच्या दाराकडे पाहणारी म्हैस

शिंदखेडा,
मंगळवार, सकाळ

प्रिय रत्ना,

माझी पत्रे निबंधासारखी असतात, असे तू हसून म्हणतेस. असू देत. बोलायला लागले की माझे शब्द घशातच राहतात. कागदावर ते निदान ओळीत उभे राहतात. उजव्या डोळ्याने आता लख्ख दिसते आहे. इतके लख्ख, की घरातल्या काही गोष्टी दिसल्या नसत्या तर बरे झाले असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मी आठ दिवस धुळ्याला तुझ्या मावशीकडे होते, तेव्हा आपल्या घरात कोणीतरी येऊन राहिले होते, आणि प्रेमराज ते माझ्यापासून लपवतो आहे. मुले मोठी झाली की आईला सगळेच सांगत नाहीत, हे मला कळते. पण आपल्याच घरात कोण राहून गेले, हे आईला कळू नये, असे काय घडले असावे?

संशयाची सुरुवात आपल्या भोरीपासून झाली. तुझे लग्न झाल्यावर त्या म्हशीने मला किती छळले, ते तुला सांगून झाले आहे. पहिल्या वेतापासून तिची धार तू काढलीस. तू जळगावला गेलीस आणि तिने दोन दिवस चाऱ्याला तोंड लावले नाही. शेवटी तुझी जुनी हिरवी ओढणी डोक्यावरून घेऊन मी तिच्याजवळ बसले, तेव्हा कुठे तिने पान्हा सोडला. अडीच वर्षे मी रोज पहाटे तुझे सोंग घेऊन बसते आणि ती ते खरे मानते. किंवा मानल्यासारखे करते. मला त्याचीही शंकाच आहे. धुळ्याला जाताना वारा लागू नये म्हणून नेमकी तीच ओढणी मी डोक्याला बांधली आणि सोनगीरला गाडी थांबली तेव्हा ते माझ्या ध्यानात आले. प्रेमराजला फोन केला, तर म्हणाला, आठ दिवस पारडूच पिईल सगळे, तू डोळ्याची काळजी घे.

परत आले, तर शेजारची ताईबाई ओट्यावरूनच ओरडली, “अक्का, घरमा सून उनी की काय? दूध तर रोज डेरीमा पोचे!” मी हसले, पण सून आल्याचे ते वाक्य मनात रुतून बसले. धार कोणी काढली, असे विचारल्यावर प्रेमराज म्हणाला, मीच. संध्याकाळी मी त्याला माझ्यासमोर धार काढायला बसवले. भोरीने एकाच लाथेत बादली उकिरड्यापर्यंत पोचवली. मग तो म्हणाला, गल्लीतला रतिलाल येत होता धार काढायला. दुसऱ्या दिवशी रतिलाल रस्त्यात भेटला. तो डोळे मोठे करून म्हणाला, “काकू, मी तर आठी दिवस साक्रीले व्हतू. मन्हं नाव कोनी लिधं?” घरी येऊन मी पुन्हा विचारले, तेव्हा तुझा भाऊ ताटावरून उठता उठता म्हणाला, “माय, पंचनामा म्हैसना कर, मन्हा नको.”

तेव्हा मी पंचनामाच केला. मला वाटले, पोराचे कुठेतरी जमले असावे आणि मी नसताना तो तिला घरी घेऊन आला असावा. रागापेक्षा मला अपमान अधिक वाटला. स्वयंपाकघरात डबे पाहिले. हळदीचा डबा मिठाच्या मागे होता. मी तो कधीच तिथे ठेवत नाही. चहाची गाळणी घासून उन्हात पालथी घातलेली होती. प्रेमराजला गाळणी घासायची असते, हेच ठाऊक नाही. ती जी कोणी होती, ती नीटनेटकी होती आणि तिला आपल्या घरात काहीही शोधावे लागले नव्हते. या दुसऱ्या गोष्टीपाशी मी थांबायला हवे होते. मी थांबले नाही. मी पोराच्या फोनकडे चोरून पाहत राहिले, आणि त्याची मला आता लाज वाटते.

उत्तर भोरीनेच दिले. मी आल्यापासून ओढणी घेऊनही ती पान्हवेना. चारा पुढ्यात तसाच पडून राहिला. पहाट झाली की मान वळवून मागच्या दाराकडे पाहायची आणि हंबरायची; मी जवळ गेले की अंगाला नाक लावायची आणि तोंड फिरवायची. दोन दिवस असेच चालले. तिसऱ्या दिवशी बादली हातात घेऊन मी गोठ्यातच खाली बसले, कारण हे सारे मी पूर्वी एकदा पाहिले होते. तुझ्या लग्नानंतर. म्हैस खोट्या रत्नाला नाकारत होती, कारण खरी रत्ना नुकतीच येऊन गेली होती.

मग एकेक आठवू लागले. नणंदेच्या घराची वास्तुशांती आहे, म्हणून दवाखान्यात येता येणार नाही, असे तू म्हणाली होतीस. मी मावशीजवळ तुझ्या नावाने रडले. तू मात्र रोज फोन करत होतीस आणि एकदा तुझ्यामागे कोंबडा आरवला होता. जळगावात तिसऱ्या मजल्यावर कोंबडा कुठून आला, असे तेव्हाही मनात आले होते. काल मी तुझ्या सासूबाईंना फोन लावला. तुझे नाव घेताच त्या म्हणाल्या, ती माहेरीच आहे ना, महिना होत आला. मी ‘हो’ म्हणाले. आयुष्यात इतके सहज खोटे मी पहिल्यांदाच बोलले.

तू मला का सांगितले नाहीस, हे विचारण्याचा अधिकार मला नाही. गेल्या श्रावणात तू न कळवता आली होतीस. एक बॅग होती आणि तू जेवताना सारखी ताटाकडेच पाहत होतीस. मी काय झाले ते विचारले नाही. ताईबाई काय म्हणेल, याचाच विचार केला. तिसऱ्या दिवशी डबा भरून दिला आणि जळगावच्या गाडीत बसवून आले. जागा खिडकीजवळची मिळाली, याचा मला आनंद झाला होता, रत्ना. घरी आल्यावर प्रेमराज माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हता. माझी दोन्ही मुले माझी पाठ वळण्याची वाट पाहून एकत्र आली, याचा अर्थ लावायला मला डोळ्यांच्या डॉक्टरची गरज नव्हती.

फोनवर तू ‘सगळे ठीक आहे’ म्हणाली असतीस आणि मी पुन्हा ते मानले असते. म्हणून हे पत्र. पाकिटावर मी पत्ता घातलेला नाही, कारण तू कुठे आहेस ते मला ठाऊक नाही. थोड्या वेळाने ते प्रेमराजच्या हाती देऊन एवढेच म्हणणार आहे, की हे रत्नाला पोचव. ‘जळगावलाच टाकू ना?’ असे त्याने विचारले, तर माझा सारा संशय खोटा ठरेल आणि हे पत्र मी आनंदाने चुलीत घालीन. पण काही न विचारता त्याने ते खिशात ठेवले, तर आज संध्याकाळपर्यंत ते तुझ्या हातात असेल. तसे असेल, तर उत्तर लिहीत बसू नकोस. तो बाहेर मोटारसायकलजवळ उभा असेल. बॅग घे आणि त्याच्या मागे बस. ताईबाईने विचारले, तर तिला काय सांगायचे ते मी बघेन.

तुझीच,
आई