हार तेवढा काढा

मँचेस्टर

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, हीटिंगही लावते. आईला सांगा, काळजी करू नकोस. तुमचा गुडघा कसा आहे?

भुसावळच्या रेल्वे युनियनमध्ये यंदाही भाषण करायचंय म्हणून तुम्ही तुमच्या त्या शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन सिनेटरची भाषणं मागितली होतीत. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बसून सगळी वाचली. किळस आली, बाबा.

रेल्वेच्या मालकांशी हा माणूस एकटा भांडला, हे खरंच. स्वतःच्या पक्षालाही त्याने जुमानलं नाही. कामगारांबद्दल बोलायला लागला की अगदी तुम्हीच बोलताय असं वाटतं. आणि त्याच तोंडाने तो म्हणतो, आशियातली माणसं घाणेरडी, शेजारी राहायला आली तर वस्ती नासेल, त्यांना बंदरावरूनच परत पाठवा. वर त्याला टाळ्या!

‘त्या काळी सगळेच तसे होते’ असं म्हणू नका. तो सगळ्यांसारखा नव्हता, म्हणूनच तर तुम्ही त्याला मानता ना?

परवा ट्राममध्ये एकजण मला जवळपास हेच बोलला. हे आईला सांगू नका.

दर जयंतीला तुम्ही त्याच्या फोटोला हार घालता, पेढे वाटता. फोटो राहू दे, कामगारांसाठी तो भांडलाच. हार तेवढा काढा. आणि माझ्या पदवीच्या फोटोशेजारून त्याला हलवा. त्याला माझ्यासारखी शेजारीण नकोच होती.

तुमचीच,
तनू