विकणारीचं नाव

५ जानेवारी, सोम.

पहिला दिवस फुकट. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र, साठ फॉर्म. शिरढोणला पहिल्याच घरी म्हटलं, नमस्कार, संस्थेकडून आलेय, सर्वे आहे. ओटीवरचा म्हातारा उठून उभाच राहिला.

"आता कंचा रस्ता चाललाय?"

रस्ता नाही काका, तुम्ही भाजी कुठे विकता एवढंच विचारायचंय.

"आदी असंच इचारतात. मंग खांब पुरतात."

दार लागलं. दुसऱ्या घरी कुत्रं. तिसऱ्या घरी बाईने विचारलं, आंब्याची झाडं पण मोजणार काय. तिने चहा दिला, उत्तर एकही नाही.

घरी आल्यावर आईंना (सासूबाई) सांगितलं. त्या शेंगा निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सर्वे बोललीस कशाला? आपल्याकडं सर्वे म्हंजे जमीन गेली. वाल कसा लागलाय, इचार. वालाचं कुनी पन सांगल."

दोन दिवस ट्रेनिंग झालं होतं. त्यात हे नव्हतं.

६ जानेवारी, मंगळ.

"वाल कसा लागलाय यंदा?" विचारलं. सगळीकडे दारं उघडली. एका घरी बसायला पाट, एका घरी खुर्ची. सहा घरं झाली, पाच फॉर्म.

एक गंमत. प्रश्न सातवा, माल कुठे विकता? पुरुष म्हणतो, पनवेलला. पनवेलला कुठे? तो जरा थांबतो, मग आत तोंड करून, "गो, तू बसतेस कुठं?" आतून आवाज येतो, उरण नाक्यावर, पुलाच्या बाजूला. गिऱ्हाईक कोण? परत आत तोंड. माल उरला तर काय करता? परत आत.

सहापैकी पाच घरी हेच. सहाव्या घरी बायको बाजारातून यायचीच होती, तर तो म्हणाला, "ती आल्यावर या."

८ जानेवारी, गुरु.

आज पळस्प्याकडचा एक जण भेटला, सगळं स्वतः सांगणारा. खुर्चीत ताठ बसून भाव, वजन, गिऱ्हाईक, धडाधड. मला बरं वाटलं, पटापट लिहिलं. निघाले तर त्याची बायको फाटकापर्यंत सोडायला आली. हळू आवाजात म्हणाली, "ते खोड सगलं. त्याला काय म्हाईत? तो कवा येतो बाजारात?"

मग तिथेच फाटकाला टेकून दुसरा फॉर्म भरला. ती नाक्यावर बसतच नाही, नवीन पनवेलच्या दोन सोसायट्यांच्या गेटवर बसते. एका गेटवर मंगळवारी, एकावर शनिवारी. वॉचमन ओळखीचा. कुठल्या मजल्यावर कोण शिराळं खातं, कुणाला शुगर आहे, सगळं तोंडपाठ.

फॉर्मवर पहिली ओळ "शेतकऱ्याचे नाव (सातबाऱ्याप्रमाणे)". तिथे तिचं लिहिलं. पेनने. आधीच्या फॉर्मांवरही, जिने उत्तरं दिली तिचं नाव घातलं.

बरोबर केलं की नाही, माहीत नाही. पण खोटं नाही लिहिलं.

९ जानेवारी, शुक्र.

आज आईंबरोबर बाजारात गेले. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा. त्यांनी कधी नेलंच नाही. मुक्त विद्यापीठाची परीक्षा द्यायचे तेव्हाही म्हणायच्या, तू वाच, टोपलीला मी पुरे.

उजाडायच्या आत टमटमने. उरण नाक्यावर त्यांची जागा म्हणजे एक गोणपाट आणि मागे बंद दुकानाचं शटर. दुकान उघडलं की उठायचं.

मी बाजूला बसून नुसती बघत होते. घरात कमी बोलणारी बाई इथे थांबत नाही. एक जीन्सवाला मुलगा आला, पोपटी लावायचीय, मडक्यात भाजायला शेंगा हव्यात. आईंनी विचारलं, "किती मानसं? मडकं केवडं? अंडी घालनार का कोंबडी?" मग त्या हिशेबाने शेंगा, वर भांबुर्डीचा पाला जुडी बांधून फुकट. मिठात ओवा मिसळायचा, मडकं उलटं ठेवायचं, वरून पेंढा, हे सगळं हातवारे करून. मुलाने मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

मी म्हटलं, पाला फुकट का? "पाला बांदावरचा. पन पाल्याबिगर पोपटी व्हत नाय. तो फुडल्या शनवारी माज्याकडंच येनार."

एका म्हातारीला शेंगा दिल्याच नाहीत. "या जून हायत, तुमाला चावनार नाय. परवा या."

वाल एकदम पेरत नाहीत आमच्याकडे, तीन तुकड्यांत पेरतात, पंधरा-पंधरा दिवसांनी. मला वाटायचं मोठ्या भावोजींचं डोकं. सातबारा त्यांच्या नावावर, नांगर त्यांचा. आज कळलं, हे आई ठरवतात. सगळ्या शेंगा एकदम आल्या तर नाक्यावर भाव पडतो म्हणून. फॉर्ममध्ये प्रश्न आहे, "कोणते पीक घ्यायचे हे कोण ठरवते?"

परतताना टमटममध्ये विचारलं, आई, तुमचा फॉर्म भरू?

"मी कुठं शेतकरीन? माज्या नावावर काय हाय?"

मी फॉर्म पिशवीत परत ठेवला.

१२ जानेवारी, सोम.

ऑफिस. पाटणकर सरांनी (आमच्या भागाची देखरेख त्यांच्याकडे) माझा गठ्ठा चाळला आणि परत सरकवला. नावं सातबाऱ्याशी जुळत नाहीत. सगळे रद्द.

"उत्तरं चांगली आहेत हो, सगळ्यात चांगली तुमचीच आहेत. फक्त नावं बदला. शनिवारपर्यंत द्या."

मग खरं कारण कळलं. संस्था नवीन पनवेलला दर रविवारी शेतकरी बाजार सुरू करणार. डोक्यावर छप्पर, पाण्याचा नळ, बायकांसाठी संडास. बसायच्या जागा याच यादीवरून देणार. ज्याचं नाव, त्याची जागा.

म्हणजे जी बसते तिला जागा नाही. नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर जागा, तो उद्या दुसऱ्याला देऊन मोकळा.

मी म्हटलं, "सर, मग रविवारी बाजारात सातबाराच मांडून ठेवू या."

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "वनिताताई, नियम मी नाही केला."

महेशला (नवऱ्याला) घरी सांगितलं. म्हणाला, पुरुषांची नावं घाल आणि मोकळी हो, पहिलीच नोकरी आहे. मग जरा वेळाने, "आई तशीपण किती दिवस बसणार आता."

हा कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर. तिथे सगळ्यांना सांगतो, आई घरीच असते. मला माहीत आहे. आईंनाही माहीत आहे.

१४ जानेवारी, बुध. संक्रांत

मोठे भावोजी तिळगूळ द्यायला आले. बोलता बोलता फॉर्मचा विषय महेशनेच काढला. भावोजी एकदम सावध. "आयचं नाव कागदावर कशाला? आज बाजाराचं, उद्या जमिनीचं. मग बयनी येतील हिस्सा मागाया."

विमानतळासाठी जमिनी गेल्यापासून आमच्याकडे नाव या शब्दाची सगळ्यांना भीती. मी समजावत होते की याचा जमिनीशी संबंध नाही, ही फक्त विक्रीची यादी आहे. ते ऐकत नव्हते. आवाज चढला. महेश खाली बघत होता.

आई आतून पदराला हात पुसत आल्या.

"मला जमीन नको तुजी. मला बसाया जागा पायजे."

एवढंच. भावोजी चहा अर्धा टाकून निघाले. दारात चपला घालताना म्हणाले, "आमी नाय म्हनलो का?" पण होही म्हणाले नाहीत.

ते गेल्यावर आई माझ्यासमोर बसल्या. "भर."

नाव, वय, गाव. व्यवसायाला मी लिहिलं, शेती व विक्री. त्यांना वाचून दाखवलं.

"इक्री पयली लिव. मंग शेती."

खोडून लिहिलं.

१७ जानेवारी, शनि.

नावं बदलली नाहीत. गठ्ठा तसाच नेऊन टेबलावर ठेवला, वर आईंचा एक जास्त. सरांना म्हटलं, रद्द करायच्या आधी एकदा नाक्यावर या. एक तास. मग तुम्ही म्हणाल ते.

ते म्हणाले, रविवारी सुट्टी असते.

मी म्हटलं, बाजाराला नसते.

म्हणाले, बघतो.

१८ जानेवारी, रवि.

आले. खरंच आले. टोपी, मफलर, हातात माझाच गठ्ठा. मला वाटलं नव्हतं.

आईंनी शेजारणीकडून प्लॅस्टिकचा क्रेट घेऊन उपडा टाकला, त्यावर बसवलं. सर फॉर्म काढून प्रश्न विचारायला लागले. मी तोंड मिटून बसले, ठरवलंच होतं. आई शेंगा तोलत तोलत उत्तरं देत होत्या. मध्येच गिऱ्हाईक आलं की सरांना हाताने थांबवायच्या. सर थांबायचे.

पीक कोण ठरवतं? "मी." कशावरून ठरवता? तर यावर दहा मिनिटं. मागच्या वर्षी मुळा का बंद केला, गवार का वाढवली, लग्नसराईत काय चालतं, मार्गशीर्षात काय, श्रावणात काय. सर लिहायचे थांबले. नुसते ऐकत होते. शेजारच्या दोघीतिघी पण सरकून जवळ आल्या, प्रत्येकीला सांगायचं होतं.

शेवटी आईंनीच विचारलं, "सायेब, तुमच्या घरी भाजी कोन आनतं?"

"बायको."

"मंग तुमी भाव इचाराया इथं आलाव, ता बरोबर केलाव. तुमाला घरी ठाव नसनार."

बायका हसल्या. सरही हसले, कानापर्यंत लाल झाले.

तितक्यात मागचं शटर उघडायला दुकानदार आला. सवयीने सगळ्या उठल्या, गोणपाटं गुंडाळली, टोपल्या उचलल्या. सर क्रेटवरून उठले, कुठे उभं राहायचं त्यांना कळेना. मग वाकून आईंच्या टोपलीला एक हात लावला. रस्त्याच्या पलीकडे जागा मिळेपर्यंत बराच वेळ गेला. तेवढा वेळ ते टोपली धरून उभे.

जाताना मला म्हणाले, पुण्याच्या मुख्य ऑफिसला लिहितो. फॉर्मवर आणखी एक ओळ मागतो, "विक्री करणाऱ्या व्यक्तीचे नाव". जागा त्या नावाने द्या म्हणून. "मंजूर होईल असं वचन देत नाही. पण तुमचे फॉर्म मी रद्द करत नाही."

आई विचारत होत्या, काय म्हनला गो? सांगितलं. त्या म्हणाल्या, "मानूस बरा हाय. शेंगा न्ह्यायला इसरला पन."

१९ जानेवारी, सोम.

आज काही काम नाही. फक्त लिहून ठेवते.

मी या घरात आले तेव्हा माहेरच्यांना सांगताना मी पण "सासू घरीच असते" असं सांगायचे. महेशला नावं ठेवण्यात अर्थ नाही. काल ती बाई गोणपाटावर बसून जे बोलली ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. माझ्या शिक्षणामागे तीच टोपली होती. मला फॉर्म भरता येतो आणि तिला उत्तर देता येतं, दोन्ही एकाच घरातलं.

अभिमान वाटतो. लिहायला लाज वाटते तरी लिहिते.

२१ जानेवारी, बुध.

महेशचा फोन चालू होता, गोदामातला कोणीतरी, सकाळी घरी येऊ का विचारत होता. महेश म्हणाला, "दहानंतर ये. सकाळी आई बाजारात असते."

सहज म्हणाला. मी भाकरी थापत होते, तशीच थापत राहिले. आई चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. जेवताना त्याच्या ताटात मासळीचा मोठा तुकडा पडला एवढं खरं.

२४ जानेवारी, शनि.

पुण्याहून काही नाही. सरांना फोन केला. म्हणाले, पत्र वर गेलंय, दोन जण अनुकूल आहेत, एक जण म्हणतो सातबारा सोडला तर कोणीही येऊन बसेल. त्यालाही नाक्यावर आणायला हवं. बाजार फेब्रुवारीत की मार्चमध्ये तेही ठरलेलं नाही.

भावोजी अजून आलेले नाहीत आमच्याकडे. शेतावर आईंशी बोलतात म्हणे, कामापुरतं.

संध्याकाळी दारात तीन बायका. आईंच्या बाजूला बसणाऱ्या, एक गव्हाणची, दोघी इथल्याच. गव्हाणची रिक्षाने आली होती एवढ्यासाठी. "तुमची सून नावं लिवते, आमाला कळला. आमचा फॉर्म भर."

मी सरळ सांगितलं, होईलच असं नाही. पुण्याहून नाही पण म्हणू शकतात.

"म्हनू दे. आदी लिव तर खरी."

छापील फॉर्म संपलेत. वहीची कोरी पानं घेतली, पट्टीने रकाने आखले. आईंनी चहा ठेवला. पहिल्या दोघींचं झालं. गव्हाणची नावाच्या प्रश्नाला अडली. सगळे तिला बाळ्याची आय म्हणतात, मी पण तेवढंच ऐकलेलं. तिने आईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कंचा सांगू? मायेरचा का इथला?"

म्हटलं, तुम्हाला हवं ते.

तिने थोडा विचार केला. कागदाकडे बोट करून विचारलं, "दोनी मावतील?"

मावतील म्हटलं. रकाना मीच आखलेला होता, थोडा रुंद केला.