वरच्या मजल्याचं पाणी

चि. धाकटीस दादाचे आशीर्वाद. (अडुसष्टाव्या वर्षीही तू चि.च. मी आधी जन्मलो, त्याला आता इलाज नाही.)

गुडघा कसा आहे? नातू रांगायला लागला, की अजून तुझ्या मांडीवरून उतरायलाच तयार नाही? इकडे मी बरा आहे. खोकला आहे, पण तो जुना, घरचाच. तुझी दोन्ही किडेखाऊ झाडं, घटपर्णी आणि दवबिंदू, खिडकीत सुखरूप आहेत, तेव्हा काळजी नसावी. काळजी कधी करायला हवी होती ते आता सविस्तर लिहितो, कारण ती वेळ टळली आहे.

तू निघालीस त्या सकाळी दारात उभी राहून झाडांच्या पाण्याबद्दल बरंच काही सांगत होतीस, एवढं पक्कं आठवतं. काय सांगत होतीस ते आठवत नाही. त्या वेळी मी सहावीच्या पुस्तकातल्या निरोपाच्या कवितेचं तिसरं कडवं जुळवत होतो. तू पायरी उतरताना म्हणून दाखवायचं मनात होतं. कडवं सापडलं तेव्हा तुझी गाडी कोपऱ्यावर वळली होती. (मी ते म्हटलं. जिन्यातल्या मांजरीने ऐकलं.) फोन करून विचारता आलं असतं. पण भाचा स्पीकर लावतो, आणि ‘दादाला एक काम धड ऐकता येत नाही’ हे तू सूनबाईंच्या देखत म्हणाली असतीस. शिवाय सूनबाईंच्या बाळंतपणापुरता तीन महिन्यांचाच प्रश्न होता. त्याला आता अकरा झाले.

मग मी माझ्या बुद्धीने चाललो. शाळेच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढलेल्या बाईची झाडं, त्यांना नळाचं पाणी कसं घालायचं? म्हणून उकळून, गार करून, फडक्यातून गाळून घालू लागलो. आजाऱ्याचंही कुणी एवढं करत नाही. पंधरा दिवसांत घटपर्णीचे घट कडेने काळे पडले. दवबिंदूच्या पानांवरचं दव आटलं. नुसते लाल केस उरले, माझ्या डोक्यावर आहेत तेवढेच. मला वाटलं, पाणी हलकं पडतंय. तेव्हा दुकानातून बाटलीबंद पाणी आणलं, क्षार घातलेलं, तब्येतीला उत्तम म्हणून लिहिलेलं. आठवडाभरात आणखी दोन घट वाळले.

शेवटी दोन्ही कुंड्या पिशवीत घालून रोपवाटिकेत नेल्या. तिथला माळी कमी बोलणारा. त्याने पान उलटून पाहिलं आणि विचारलं, “आजोबा, यांच्यावर तुमचा काही राग आहे का?” मग त्याने समजावलं ते असं, की ही झाडं मुळात अशा दलदलीतली, जिथे मातीत खायला काहीच नसतं, म्हणून तर बिचारी किडे धरतात. पाण्यात क्षार असले की यांची मुळं जळतात. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं, पण पावसाला अजून चार महिने होते. त्याने पेनसारखं एक यंत्र दिलं. पाण्यात बुडवायचं, क्षारांचा आकडा वाचायचा. पन्नासच्या आत हवा.

नळाचा आकडा चारशे दहा. उकळलेल्याचा चारशे चाळीस! म्हणजे मी रोज गॅस जाळून विष दाट करत होतो. बाटलीचा एकशे ऐंशी. गाड्यांच्या बॅटरीचं पाणी चालतं असं ऐकून तिकडे गेलो, तर दुकानदाराने विचारलं, कुठली गाडी? मी म्हटलं, घटपर्णी. तो फळीवर शोधू लागला. त्याच्या पाण्याचा आकडा नव्वद निघाला, तेव्हा म्हणाला, गाड्या काही बोलत नाहीत. (डोळ्यांतल्या पाण्याचा आकडा किती, असंही एकदा मनात आलं. पण यंत्र बुडण्याइतकं साचेना.) ज्यात काहीच नाही असं पाणी! वर्गात मी जन्मभर कवितेच्या एकेका ओळीत काय काय आहे ते काढून दाखवलं, आणि म्हातारपणी हे शोधायची पाळी आली.

ते सापडलं कुठे, तर वरच्या निवृत्त कारकुनांच्या एसीच्या नळीत. आकडा बारा! तुला आठवत असेल, तो थेंब आपल्या खिडकीच्या पत्र्यावर पडायचा म्हणून मी सोसायटीत सहा अर्ज केले होते. (तिसऱ्यात थेंब तालात पडत नाहीत असाही मुद्दा होता.) सहाव्या अर्जाला यश येऊन त्यांनी नळी मागच्या गटारात वळवली होती, आणि मी वाटीभर पाणी गोळा केलं ते त्या गटाराच्या कडेला ओणवा बसून. वर गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, सहाही अर्ज मागे घ्या. लेखी, तारखेच्या क्रमाने.” घेतले. दुसऱ्या अर्जातली शुद्धलेखनाची चूकही त्यांनी दाखवली. पण माणूस वाईट नाही. नळी त्यांनी स्वतः माझ्या बादलीपर्यंत आणून बांधली. आता दिवसभर थेंब पडतो, आणि खरं सांगतो, अगदी तालात पडतो.

तुझी वहिनी गेल्यावर तू या घरात आलीस, त्यानंतर हे घर एवढं गप्प कधी नव्हतं. थेंबाची सोबत वाटते.

सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
दादा

ता. क. दवबिंदूवर पुन्हा दव आलं आहे. घटपर्णीला नवा घट फुटला आहे, करंगळीएवढा, झाकणासकट.

ता. क. २. भाच्याचा फोन होता. पुढच्या महिन्यात कामासाठी इकडे येतोय, तेव्हा कुंड्या गाडीत घालून तुझ्याकडे पोचवतो म्हणाला, म्हणजे तुला हेलपाटा नको. त्याच्याकडून तुमच्या नळाचा, फिल्टरवाल्याने मोजलेला आकडा काढून घेतला. सहाशे सत्तर. झाडं तिथे आठवडाभर जगणार नाहीत, असं त्याला समजावून सांग. आकड्यासकट मी एवढं लांबण त्यासाठीच लावलं.

ता. क. ३. तुमच्याकडेही एसी आहे, हे मला ठाऊक आहे. भाच्याला ते सुचवू नकोस. तूच ये. आलीस तरी कुंड्या नेऊ नकोस, नाहीतर पुन्हा कशासाठी येशील?

ता. क. ४. सकाळचा चहा अजून दोन कपच होतो, हात वळला आहे. दुसरा कप झाडांना चालत नाही. मी मोजला आहे, बाराशे.